वाढप्याची नाडी

धैर्यशील निकम हे नाव ऐकल्यावर ज्यांच्या डोळ्यांसमोर फेटा, मिशा आणि भरदार छाती येते, त्यांनी ते चित्र ताबडतोब पुसून टाकावं. सारिकाचा हा थोरला भाऊ दारात पाहुण्यांच्या चपला वाजल्या की मागच्या दाराने गोठ्यात जायचा आणि पाहुणे गेले की म्हशीची ख्यालीखुशाली विचारून आल्यासारखा परत यायचा. शाळेच्या प्रत्येक फोटोत तो कुणाच्या तरी खांद्यामागे अर्धाच आहे. ज्या आजोबांनी हौसेने नाव ठेवलं, त्यांनाच शेवटी पोराची कीव आली आणि ते त्याला नुसतं 'बाळ्या' म्हणू लागले.

मोठा झाल्यावर त्याने धंदाही स्वभावाला साजेसा निवडला. कराडच्या पुढे कृष्णेकाठच्या त्या गावात ज्याच्या त्याच्या विहिरीत मोटर आणि ज्याची त्याची मोटर कधी ना कधी जळायची. ती उघडायची, आतली करपलेली तांब्याची तार उपसून काढायची आणि नवी तार एकेक वेढा घालत बसवायची, याला गावात 'मोटर भरणं' म्हणतात. जळकी मोटर कधी 'काय, लग्न कधी करतोस?' असं विचारत नाही. धैर्यशीलचं तिच्याशी छान जमलं.

सारिका मात्र पुण्याला गेली, मानसशास्त्र शिकली आणि एका संशोधन संस्थेत विश्लेषक म्हणून लागली. संस्थेचं काम व्यक्तिमत्त्वाचे विकार ओळखण्याचं होतं. ही वैद्यकातली जुनी डोकेदुखी. ताप आला तर थर्मामीटर आहे, साखर वाढली तर रक्त आहे. पण माणसाची घडणच अशी झाली असेल की तिच्यापायी त्याचं आणि भोवतालच्यांचं जगणं अवघड व्हावं, तर मोजायचं काय? ताप येतो आणि जातो. स्वभाव मात्र मिसरूड फुटायच्या सुमाराला ठाण मांडून बसतो आणि माणसाला वाटतं, हाच मी. म्हणून तो स्वतःबद्दल जे सांगेल त्यावर विसंबता येत नाही. एकाच माणसाला एक डॉक्टर एक नाव द्यायचे, दुसरे दुसरं. त्यातून बाहेरून सारखे दिसणारे दोन विकार आतून अगदी उलटे निघायचे.

संस्थेच्या प्रमुख डॉ. सरपोतदार नव्या लोकांना हे फार सोपं करून सांगायच्या. "लग्नाची पंगत बसलीय. मांडवाबाहेर दोन माणसं उभी आहेत. एकाला भूकच नाही. दुसऱ्याला कडकडून भूक लागलीय, पण आत गेलो आणि कुणी 'तुम्ही कोण हो?' म्हणालं तर काय घ्या, म्हणून त्याचे पाय उचलत नाहीत. बघणाऱ्याला दोघं सारखेच. पहिल्याला आपण अलिप्त म्हणू, दुसऱ्याला बुजरा. पहिल्याला ओढून पानावर बसवलंत तर त्याचा छळ होतो. दुसऱ्याला तसाच सोडलात तर तो उपाशी राहतो. म्हणून आधी ओळखा, मग उपचार करा."

हे ओळखायला संस्थेने जे यंत्र काढलं त्याला सगळेजण 'कडं' म्हणत. मनगटावर घालायचं, दोन आठवडे काढायचं नाही. ते नाडी मोजायचं, कातडीचा घाम मोजायचं, बोलण्यातले शब्द सोडून नुसता आवाजाचा चढउतार टिपायचं. आणि अंगाच्या उबेवरून कुणी जवळ आलं, कुणी गेलं हे त्याला कळायचं. खरी मेख इथे होती. माणूस यायच्या आधी, आल्यावर आणि गेल्यावर शरीर काय करतं, हे त्या माणसालाही धड ठाऊक नसतं. अलिप्त माणसाच्या नाडीला कुणाच्या येण्याजाण्याचं सोयरसुतक नसतं. बुजऱ्याची नाडी मात्र पावलं ऐकूनच उडते, माणूस गेला की सुटकेने खाली येते, आणि मग मूळच्यापेक्षाही खाली जाते आणि बराच वेळ वर येत नाही. त्या खड्ड्याला संस्थेत 'मागची पोकळी' म्हणायचे. पोकळी दिसली की बुजरा, नाही दिसली की अलिप्त. लाखभर माणसांवर हे पडताळून झालं होतं आणि लोकांचा कड्यावर इतका विश्वास बसला होता, की लग्न जुळवणारे रक्तगटाच्या शेजारी 'कडं झालेलं आहे' असंही लिहायला लागले होते.

धैर्यशीलच्या हातात ते कडं जायला कारण झाली रेवती घोरपडे.

रेवतीची गावात पिठाची गिरणी आणि मिरची-मसाल्याचं कांडप होतं. नवरा अपघातात गेल्यावर तिने दोन्ही एकटीने चालवलं होतं. आवाज खणखणीत आणि काही मनात ठेवायची सवय नाही. तिच्या कांडपाची मोटर धैर्यशीलकडे यायची. पुढेपुढे ती जरा जास्तच यायला लागली. एकदा तर धैर्यशीलने मोटर उघडली, सगळीकडे बघितलं आणि खाली मान घालून म्हणाला, "ही जळलेली न्हाय." त्यावर रेवती म्हणाली, "व्हय का? मग तपासून ठेवा. जळंल कवातरी." हे तिनेच हसत हसत धैर्यशीलच्या आईला सांगितलं आणि त्याच बैठकीत म्हणाली, की तुमच्या मुलाची ना नसेल तर माझीही ना नाही.

आईला आभाळ ठेंगणं झालं. पण धैर्यशीलला विचारलं की एकच उत्तर. नको.

आता त्याचं 'नको' ही चीज काय होती, हे आईइतकं कुणालाच कळत नव्हतं. त्याला लाडू दिला तरी नको, नवा शर्ट आणला तरी नको, सहलीला जातोस का तर नको. आई म्हणायची, "ह्याचा पयला नको मोजायचाच न्हाय. दुसराबी सोडून द्यायचा. तिसऱ्यांदा पुढं केलं की गप घेतो." आपल्याकडे आग्रहाची रीत आहे ती अशाच माणसांसाठी असावी. पण लाडवाचा आग्रह वेगळा आणि बायकोचा वेगळा. तिसऱ्यांदा विचारायला खुद्द आईलाही धीर होईना. ती रोज पुण्याला सारिकाला फोन करून रडायची आणि सारिकाचा जीव दोघांमध्ये टांगलेला.

तेव्हा सारिकाच्या मनात आलं की आपल्या हाताशी एवढं शास्त्र आहे, तर अंधारात का चाचपडायचं? एकदा मोजून टाकू. तो बुजरा निघाला तर उपचार करू आणि लग्नाला उभा करू. अलिप्त निघाला तर आईला समजावू आणि दादाच्या मागची कटकट कायमची मिटवू. यात तिचं प्रेमच होतं. थोडा तोराही होता.

"ह्ये काय, बेडी?" धैर्यशीलने विचारलं.

"कडं आहे दादा. दोन आठवडे घालायचं, बास."

"नको."

"आई रोज टोचती ते तरी थांबंल."

त्याने निमूट हात पुढे केला.

एक अडचण होती. कड्याला निकाल द्यायला भेटी भरपूर लागायच्या, निदान दीडदोनशे. धैर्यशीलच्या दुकानात दिवसाला चार माणसं आली तर डोक्यावरून पाणी. म्हणून सारिकाने आपल्या मते मोठ्या हुशारीने गावच्या भैरोबाच्या यात्रेचे दिवस धरले. यात्रेत सगळं गाव, मुंबई-पुण्याचे चाकरमानी, लेकी-जावई झाडून येतात. महाप्रसादाला माणूस मावत नाही. दादाच्या समोरून एका दिवसात हजार तोंडं जातील, भेटीच भेटी!

आणि गेलीही तशी. सोळाव्या वर्षापासून आमटीची बादली धैर्यशीलच्या हातात असायची, ती याही वर्षी होती. बादली हातात आली की हा माणूस ओळखू येत नसे. पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून वाकून वाढायचा, नाव घेऊन हाक मारायचा. "काकू, एवढ्यानं काय हुतंय? घ्या की! आबा, भात कोरडा ऱ्हायलाय, थांबा." पानावर आडवा हात धरणाऱ्याच्या बोटांच्या फटीतून आमटी ओतणारा म्हणून त्याची ख्याती होती. त्याने सारिकाला वाढलं, पलीकडच्या रांगेत बसलेल्या रेवतीलाही वाढलं, आणि स्वतः नेहमीप्रमाणे कुठल्याच पंगतीला बसला नाही. सगळं आटोपल्यावर चुलाणाच्या आडोशाला उभ्याउभ्याच भात खाल्ला.

सारिका त्याच्या मनगटाकडे सारखी बघत होती. कड्यावर आमटीचे शिंतोडे उडाले होते आणि आत पाणी तर जाणार नाही ना, एवढीच तिला काळजी वाटत होती.

निकाल तिने स्वतः लावला नाही. घरच्या माणसाचा निकाल लावायचा नाही असा नियम होता, म्हणून नाव काढून नुसत्या क्रमांकाने तो दुसऱ्या सहकाऱ्याकडे दिला. शेकडो भेटींची सरासरी, आणि नाडी तळ्याच्या पाण्यासारखी शांत. कुणी आलं तरी तेच, गेलं तरी तेच. पोकळीचा पत्ता नाही. शंकेला जागाच नव्हती. अलिप्त.

"त्याला स्वतःला त्रास नसेल तर याला आजार म्हणू नकोस," डॉ. सरपोतदार म्हणाल्या. "काही माणसांना खरंच माणसं लागत नाहीत. त्यांना त्यांच्या पद्धतीने जगू द्यावं."

सारिकाने गावी येऊन हे घरात समजावून सांगितलं. आई ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "म्हंजी त्याला कुणीच नको? मी बी?"

"तसं नाही गं आई. तू हवीसच. पण त्याला एकटं वाटत नाही. आपल्याला वाटेल, त्याला नाही वाटत."

धैर्यशील उंबऱ्यावर बसला होता. खालमानेनेच त्याने विचारलं, "पक्कं का?"

"पक्कं, दादा."

"म्हंजी माझं काय चुकत न्हाय."

"अजिबात नाही."

"बरं झालं," तो म्हणाला आणि हसला. सारिकाला त्या हसण्याने इतकं बरं वाटलं, की पुढे कितीतरी वर्षं कामाचा कंटाळा आला की ती ते आठवायची. आपल्या शास्त्राने निदान एका माणसाला तरी मोकळं केलं!

त्यानंतर निकमांच्या घरात आग्रह बंद झाला. कुणी वाईटपणाने बंद केला नाही, समजूतदारपणेच केला. आईने रेवतीचा विषय काढणं सोडलं. तो नको म्हणाला की ती पहिल्या नकोलाच ताट मागे घ्यायची. मामेभावाच्या लग्नाची पत्रिका आली, पण 'येच हं' असा फोन आला नाही. दिवाळीचा फराळ दारात ठेवून लोक परत फिरू लागले. गावात तर यंत्राचा निकाल देवाच्या कौलासारखा पसरला. 'धैर्याला माणसं सोसत न्हाईत, मशिनीत आलंय.' शेतकरी जळकी मोटर दुकानाच्या पायरीवर ठेवायचे, चिठ्ठीवर नाव लिहायचे आणि पाऊल न वाजवता निघून जायचे. इतकी काळजी गावाने कधी तहसीलदाराचीही घेतली नव्हती.

सारिकाही शहाणी झाली. आधी ती दोन दिवस राहायची. आता सकाळी येऊन संध्याकाळी परतायची, दादाला जड नको. मध्यंतरी आई गेली. दिवसकार्य झालं आणि सारिकाने विचारलं, "दादा, मी राहू का थोडे दिवस?" तो म्हणाला, "नको." ती गेली.

सात वर्षांनी नाशिकचा एक न्हावी संस्थेत आला. म्हणजे त्याला मुलीने आणलं. कड्याने त्याला अलिप्त ठरवलं होतं, पण मुलगा परदेशी गेल्यापासून त्या माणसाने अन्न टाकलं होतं. ज्याला माणसं लागत नाहीत तो अन्न का टाकेल? डॉ. सरपोतदारांनी त्याच्या सगळ्या नोंदी पुन्हा काढल्या आणि दोन दिवस खोलीबाहेर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बोलावलं. सुनावणीला उभं राहिल्यासारखा त्यांचा चेहरा होता.

"आपण चुकलो," त्या म्हणाल्या. "या गृहस्थांच्या जवळजवळ सगळ्या भेटी दुकानातल्या आहेत. त्यांच्या हातात कात्री होती. आणि हातात काम असताना माणूस माणसाला भेटतच नाही. समोरचा आपल्याला बघत नसतो, आपल्या कामाला बघत असतो, हे शरीराला पक्कं ठाऊक असतं. बुजऱ्या माणसाला असं काम म्हणजे चिलखत. त्याच्या आड तो हजार माणसांत शांत राहतो. आपण चिलखताची नाडी मोजली आणि आतला माणूस थंड आहे असं लिहून दिलं." यापुढे हाताला काम असतानाच्या भेटी गाळायच्या, मनगटाच्या हालचालीवरून त्या ओळखता येतात, आणि जुने सगळे निकाल तपासायचे, असं त्यांनी सांगितलं.

भोवतालचे लोक माना डोलावत होते, टिपून घेत होते. सारिकाने पेन खाली ठेवलं. वाकून वाढणारा दादा तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. सबंध गावात एकटा तोच पंगतीला बसत नव्हता, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं होतं. डॉक्टरांना ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिला होतं.

तिने नियम मोडला आणि दादाची नोंद स्वतः उघडली. बादलीचे तास गाळल्यावर भेटी उरल्या अगदी थोड्या. यात्रेच्या आधी रेवती दोनदा दुकानात येऊन गेली होती, हे आईने तेव्हाच फोनवर सांगितलं होतं, आणि ती असेपर्यंत त्याचं मनगट कामात नव्हतं. दोन्ही वेळा ती यायच्या आधीच नाडी उडालेली होती, आणि ती गेल्यावर जी खाली गेली ती संध्याकाळ उलटली तरी वर आली नव्हती. तिसरी पोकळी सगळ्यात खोल होती. ती कुणाची म्हणून सारिकाने दिवस ताडून पाहिला. यात्रा संपवून ती स्वतः पुण्याला निघाली तेव्हाची होती.

ती तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडली. सात वर्षं ती सकाळी येऊन संध्याकाळी परतत होती, त्याला जड नको म्हणून.

दुसऱ्याच दिवशी ती गावी गेली. धैर्यशील दुकानात तार भरत बसला होता. कानशिलं पांढरी झाली होती. तिला बघून तो उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला.

"आलीस व्हय? कळवलं न्हाईस."

"सहज आले."

"जेवायचं असंल."

घरात त्याने पिठलं केलं, भाकरी भाजल्या आणि एकच ताट घेतलं. सारिका जेवायला बसली, तो शेजारी पातेलं घेऊन उभा. "घे की आणखी. एवढ्यानं काय हुतंय?"

"दादा, तू पण बस."

"नको. जेव तू."

"बस रे."

"नंतर बसतो की मी."

सारिका उठली, दुसरं ताट आणलं, त्यात भाकरी-पिठलं वाढलं आणि त्याच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. हात रिकामे झाल्याबरोबर तो एकदम अवघडला, सोवळ्यातल्या बाईसारखा अंग चोरून भिंतीकडेला बसला. पण बसला. थोड्या वेळाने जेवूही लागला. त्याला असं समोर बसून जेवताना बघून किती वर्षं झाली, हे सारिकाला आठवेना.

"रेवतीताई कुठं असतात रे आता?" तिने विचारलं.

"इस्लामपुरात. गिरणी इकली तिनं. लगीन केलं. पोरगी हाय म्हंत्यात एक." त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. "आली हुती ती, जायच्या आधी."

"कुठं, दुकानात? मला कधी बोलला नाहीस."

"काय बोलायचं? तुझा निकाल आल्यावर आली. म्हणाली, गावात कायबाय उठलंय, खरं काय ते तुमी सांगा. मी म्हणलं, खरंच हाय. आमच्या सारिकानं मोजलंय. मला माणूस लागत न्हाय." त्याने मोडलेला तुकडा ताटाच्या कडेला सारला. "मग म्हणाली, मशीन ऱ्हाऊ द्या बाजूला. तुमाला सवताला काय वाटतं त्ये सांगा. तेवढंच ऐकते आन जाते."

"मग?"

"म्हणलं, काय वाटत न्हाय."

सारिकाने ताट बाजूला सारलं. इतका वेळ तिला वाटत होतं, की सगळं सांगून टाकायचं, त्याच्या पाया पडायचं आणि मोकळं व्हायचं. आता कळलं, की सांगून मोकळी ती होईल आणि ओझं त्याच्या डोक्यावर जाईल. त्याला माणूस लागत नाही हे खरं असेल तर त्याचं काहीच गेलेलं नव्हतं. ते खोटं निघालं तर सात वर्षं गेली होती, आणि रेवती गेली होती.

"दादा, त्या निकालाबद्दलच बोलायला आलेय मी."

त्याने तिच्याकडे बघितलं. तो अबोल असेल, मूर्ख नव्हता. "नको," तो म्हणाला.

"ऐक तरी."

"नको गं सारे. झालं त्ये झालं. चाललंय माझं."

हे नको कुठलं? भिडेचं, की खरंच नको असलेलं? एके काळी या घरात त्याचं नको कळणारी एक बाई होती. तिचा तो धंदा शास्त्राचं नाव सांगून बंद पाडला होता तो सारिकानेच. आता तिला मोजता येत नव्हतं, आणि मनगटावर काही बांधून कळण्यातलं हे नव्हतं. तिने पुरता विचार केला. सात वर्षं आपण त्याच्या पहिल्या नकोला उठून गेलो. आज उठलो तर त्याच्या मनात जे होतं ते त्याचंच होतं, हे त्याला कुणी कधीच सांगणार नाही. मरेपर्यंत तो स्वतःलाच खोटा धरत राहील.

"तो निकाल चुकला होता दादा," ती म्हणाली. "तुझ्या हातात बादली होती आणि मला कळलं नाही. तुला माणसं हवी असतात. तेव्हाही हवी होती. आम्ही गेलो की तुला वाईट वाटायचं, ते खरंच वाटत होतं. तुझं काही चुकत नव्हतं. माझं चुकलं."

ताटातल्या हातावर पिठलं वाळून गेलं तरी त्याला हात धुवायचं सुचलं नाही. सारिकाला वाटलं, तो चिडेल. चिडावं असंही वाटलं. निदान गोठ्याकडे तरी निघून जाईल. पण तो जागचा हलला नाही. जुन्या आठवणी एकेक करून तपासत असावा, कारण मध्येच त्याने मान हलवली, जणू काहीतरी जागेवर बसलं.

"मला वाटायचं, माझंच कायतरी बिघडलंय," तो शेवटी म्हणाला. "ती गेल्यावर लई दिवस तार भरता येत नव्हती मला. वेढं चुकायचं. म्हणलं, मशिनीत तर काय न्हाय, मग ह्ये काय हुतंय? कुणाला इचारायचं? तुला इचारायचं म्हणलं, तर तूच मोजलं हुतंस."

"दादा, मला माफ कर."

"तुझं न्हाय गं." त्याने हात हलवून ते बाजूला सारलं, माशी उडवावी तसं. तो दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत होता. त्याने आयुष्यात कुणाची मोटर खोटी भरली नव्हती, न जळलेली जळली म्हणून सांगितली नव्हती. गावात त्याला लोक घुमा म्हणत, माणूसघाणा म्हणत. लबाड कुणी म्हटलं नव्हतं.

"म्हंजी मी रेवतीला खोटं सांगितलं," धैर्यशील म्हणाला. "तिनं समोर उभं ऱ्हाऊन इचारलं हुतं, सारे. मला वाटत हुतं. आन मी न्हाय म्हणालो."